विमान अपघात : वैयक्तिक चूक आणि संस्थात्मक उणिवा
(औरंगाबाद विमान दुर्घटना, १९९३ च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

प्रवासी विमानाला अपघात झाला की दुसऱ्याच दिवशी 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग हमखास कानांवर येतो. हा निष्कर्ष पुष्कळदा खोटा नसतो. तो अपुरा असतो. विमान चालविणारी व्यक्ती ही घटनांच्या साखळीतील शेवटची कडी असते आणि शेवटची कडी साहजिकच सर्वांत ठळक दिसते. धावपट्टीची रचना, कर्मचाऱ्यांची नेमणूक, प्रशिक्षणाचा दर्जा, नियमांतील संदिग्धता, देखरेखीतील शैथिल्य या तिच्या मागच्या कड्या कित्येक वर्षे आधी, निरनिराळ्या कार्यालयांत, निरनिराळ्या सह्यांनी घडलेल्या असतात. अपघाताच्या क्षणी त्यांपैकी कोणीही तेथे उपस्थित नसते.

मानवी घटक आणि संस्थात्मक घटक एकमेकांत कसे मिसळतात आणि त्यांतून अपघात कसा आकाराला येतो, हे काही प्रत्यक्ष दुर्घटनांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील १९९३ ची दुर्घटना मध्यवर्ती मानली असून तिच्या अनुषंगाने मुंबई, मंगळूर व कोळिकोड येथील घटनांचा परामर्श घेतला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :

अपघात म्हणजे दैवाचा घाला, ही समजूत यंत्रयुगातही टिकून होती. तिला छेद देणारा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बॅरी टर्नर यांनी १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, मोठ्या दुर्घटनांना दीर्घ 'उबवणकाळ' असतो. या काळात धोक्याच्या खुणा दिसत असतात. परंतु त्या विखुरलेल्या असतात आणि त्यांचा एकत्रित अर्थ लावण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये गुंतागुंतीच्या व परस्परांत घट्ट गुंफलेल्या यंत्रणांत काही अपघात जणू रचनेतच अंतर्भूत असतात, असा विचार मांडला.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या दशकात या विचाराला व्यवहारोपयोगी रूप दिले. त्यांच्या मते चुका दोन प्रकारच्या असतात. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांच्या हातून प्रत्यक्ष काम करताना घडणाऱ्या चुका या 'सक्रिय चुका' होत. त्यांचा परिणाम तत्काळ दिसतो. धोरण, रचना, नियोजन व देखरेख यांतील उणिवा या 'सुप्त अवस्था' होत. त्या यंत्रणेत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. रीझन यांनी यासाठी भोके असलेल्या चीजच्या कापांची उपमा वापरली. आपल्याकडील परिचित वस्तू घ्यायची तर एकामागे एक धरलेल्या चाळण्यांची कल्पना करता येईल. प्रत्येक चाळणी म्हणजे सुरक्षिततेचा एक अडसर. प्रत्येकीला छिद्रे आहेतच. पण एकीचे छिद्र दुसरीच्या जाळीने झाकले जाते. ज्या क्षणी सर्व चाळण्यांची छिद्रे एका रेषेत येतात, त्या क्षणी धोका आरपार जातो.

या उपमेतील महत्त्वाचा भाग असा की, कोणतेही एक छिद्र स्वतःहून अपघात घडवीत नाही. म्हणूनच 'कारण कोणते?' या एकवचनी प्रश्नापेक्षा 'कोणकोणत्या गोष्टी एकत्र आल्या?' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

औरंगाबाद, २६ एप्रिल १९९३ :

इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण त्या दिवशी दिल्लीहून जयपूर, उदयपूर व औरंगाबादमार्गे मुंबईला जाणार होते. बोइंग ७३७ जातीचे हे विमान दुपारी एकच्या सुमारास चिकलठाणा विमानतळावरून उड्डाणासाठी धावू लागले. विमानात ११८ व्यक्ती होत्या. धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा विमान जमिनीवरून उठले. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक नेमका त्याच वेळी चालला होता. विमानाची डावीकडील मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. रस्त्याच्या पातळीपासून या धडकेची उंची सुमारे सात फूट होती. जखमी अवस्थेत विमान आणखी सुमारे तीन किलोमीटर उडत गेले, उच्चदाबाच्या वीजतारांना धडकले आणि कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिकांसह ६३ जण बचावले.

या घटनेचा तांत्रिक भाग समजावून घेणे आवश्यक आहे. धावपट्टीवर धावणाऱ्या विमानाने ठरावीक वेग गाठताच वैमानिक नियंत्रणदांडा मागे ओढून विमानाचे नाक वर उचलतो. पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि विमान जमीन सोडते. ही क्रिया उशिरा केली तर विमान अधिक अंतर धावते. वेग ताशी २५० किलोमीटर धरला तरी विमान एका सेकंदात सुमारे ७० मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांचा विलंब दोनशे मीटरहून अधिक धावपट्टी गिळतो. त्यात एप्रिलची दुपार. तापलेली हवा विरळ असते. अशा हवेत इंजिनाची ताकद घटते, पंखांना मिळणारा आधारही घटतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवरील विमानतळ आणि भरलेले विमान यांची भर पडली की चुकीला उरणारी जागा फारच थोडी राहते.

चौकशीअंती अपघाताच्या कारणांत दोन गोष्टी नोंदविल्या गेल्या. एक, वैमानिकांनी नाक उचलण्यास केलेला उशीर व त्यासाठी वापरलेली चुकीची पद्धत. आणि दोन, उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. (हे प्राधिकरण पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणासह भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले.) या निष्कर्षात व्यक्ती आणि संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

आता या दोन कारणांची फारकत करून पाहू. वैमानिकांनी नाक उशिरा उचलले, पण त्या मिनिटाला रस्ता रिकामा होता, अशी कल्पना केली तर विमान रस्त्यावरून थोड्या उंचीने निघून गेले असते. कदाचित एखादी अंतर्गत नोंद झाली असती. कदाचित तीही नाही. उलटपक्षी, रस्त्यावर ट्रक होता, पण नाक वेळेवर उचलले गेले, अशी कल्पना केली तर ट्रकचालकाला डोक्यावरून विमान गेल्याचा आवाज तेवढा ऐकू आला असता. दोन्ही उणिवा स्वतंत्रपणे निभावण्याजोग्या होत्या. त्यांचा गुणाकार मात्र प्राणघातक ठरला.

या दोन उणिवांच्या स्वरूपात मोठी विषमता आहे. वैमानिकांची चूक काही सेकंदांची, ताजी आणि यंत्रांवर नोंदली गेलेली होती. रस्त्याविषयीची उणीव जुनी, मूक आणि सर्वांच्या डोळ्यांसमोरची होती. त्या रस्त्यावर वाहने असताना विमान सुखरूप उडाले की, 'एवढ्याने काही बिघडत नाही' हा समज प्रत्येक वेळी थोडा अधिक पक्का होत जातो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या १९८६ मधील दुर्घटनेच्या अभ्यासातून या प्रवृत्तीला 'विचलनाचे सामान्यीकरण' असे नाव दिले. नियमापासून ढळणे हळूहळू सवयीचे होते आणि सवय हाच नियम बनतो. अपघात न होणे हा सुरक्षिततेचा पुरावा मानला जातो. वस्तुतः तो अनेकदा केवळ छिद्रे अद्याप एका रेषेत न आल्याचा पुरावा असतो.

एकच चूक, दोन विमाने :

व्यक्ती बदलली तरी चूक तीच राहते, याचे उद्बोधक उदाहरण मुंबईत सापडते. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीचे 'कॉमेट' जातीचे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या वैमानिकांनीही जुहूलाच सांताक्रूझ समजून तेथे विमान उतरविले. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. जीवितहानी टळली, परंतु विमान निकामी झाले.

दोन भिन्न देशांच्या, भिन्न कंपन्यांच्या वैमानिकांनी एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच चूक केली, तेव्हा केवळ वैमानिकांच्या निष्काळजीपणाने तिचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. काही किलोमीटरवर, जवळपास एकाच दिशेने आखलेल्या दोन धावपट्ट्या हा सापळा जमिनीवरच होता. पहिल्या वैमानिकाला दोष देऊन प्रकरण मिटले तर सापळा दुसऱ्यासाठी तसाच शिल्लक राहतो.

कॉकपिटमधील अधिकार आणि मौन :

संस्थात्मक घटक विमानतळावर वा मुख्यालयातच असतात असे नाही; ते कॉकपिटमध्येही वावरतात. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यानजीक समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. रात्रीच्या अंधारात, समुद्रावर, क्षितिज दिसत नसताना मुख्य वैमानिकासमोरील कलदर्शक यंत्र चुकीची स्थिती दाखवू लागले. विमान उजवीकडे कलल्याचा समज होऊन त्याने ते डावीकडे कलते केले आणि कलतेच ठेवले. सहवैमानिकासमोर तसेच मध्यभागी राखीव असे आणखी कलदर्शक होते. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. तथापि, तिघांचे निरीक्षण एका निर्णयात उतरण्याइतका अवधी उरला नव्हता.

आदल्याच वर्षी, २७ मार्च १९७७ रोजी, टेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जणांचा बळी गेला होता. तेथेही कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ वैमानिकाने उड्डाणाची परवानगी न मिळताच विमान सोडले आणि फ्लाइट इंजिनिअरने व्यक्त केलेली शंका बाजूला सारली गेली. अशा घटनांतून अमेरिकेत १९७९ च्या सुमारास वैमानिकचमूच्या समन्वयाचे प्रशिक्षण हा स्वतंत्र विषय उदयास आला. कनिष्ठाने स्पष्टपणे बोलणे आणि ज्येष्ठाने ते ऐकणे ही सौजन्याची बाब न राहता उड्डाणकौशल्याचा भाग मानली जाऊ लागली.

ज्येष्ठांसमोर न बोलणे हा आपल्याकडे संस्कार समजला जातो. घरात त्याचे मूल्य असेलही; परंतु शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा वा कॉकपिट येथे हाच संस्कार सुरक्षिततेची एक चाळणी काढून घेतो. केवळ 'बिनधास्त बोला' असे सांगून तो बदलत नाही. बोलणाऱ्याला कोणता अधिकार आहे, हे संस्थेने लेखी व निःसंदिग्धपणे ठरवावे लागते. मंगळूरच्या दुर्घटनेत नेमका हाच मुद्दा पुढे आला.

मंगळूर (२०१०) आणि कोळिकोड (२०२०) :

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळले. विमानातील १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने केलेल्या तपासातून पुढील बाबी समोर आल्या. मुख्य वैमानिक प्रवासातील बराच काळ झोपलेला होता. विमान आवश्यकतेपेक्षा अधिक उंचीवरून, अस्थिर स्थितीत खाली येत होते. सुमारे ८,००० फूट धावपट्टीपैकी ५,२०० फूट मागे टाकल्यावर ते टेकले. सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याची, म्हणजे 'गो अराउंड'ची, सूचना तीनदा केली होती.

येथवरचा भाग मानवी चुकीचा आहे. पण त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे. हे उड्डाण शरीराला निद्रेची ओढ सर्वाधिक असते अशा पहाटेच्या प्रहरातील होते. विमानतळावरील रडार दोन दिवसांपासून बंद होते. सहवैमानिकाने 'गो अराउंड' स्वतः करावा की केवळ सुचवावा, याविषयी विविध सूचनांत संदिग्धता होती. त्यामुळेच कदाचित तो बोलत राहिला, पण त्याने विमानाचे नियंत्रण हाती घेतले नाही. धावपट्टीपलीकडे दिशादर्शक अँटेना काँक्रीटच्या पक्क्या बांधकामावर उभारलेली होती आणि विमानाचा उजवा पंख त्यावरच आदळला. तीनदा उच्चारलेली योग्य सूचना कृतीत उतरली नाही, यामागे दोन माणसांचे स्वभाव जितके होते तितकेच नियमपुस्तकातील धूसर वाक्यही होते.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचे दुबईहूनच आलेले विमान कोळिकोडच्या पठारी धावपट्टीवरून मुसळधार पावसात पुढे घसरले आणि २१ जणांचा मृत्यू झाला. विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या २०२१ मधील अहवालानुसार विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले होते आणि येथेही सहवैमानिकाची 'गो अराउंड'ची सूचना अमलात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नियोजित उड्डाणासाठी वेळेत पोहोचण्याचा दबाव वैमानिकाच्या निर्णयावर असावा आणि त्या तळावर मुख्य वैमानिकांची नेमणूक अपुरी होती, याकडे अहवालाने लक्ष वेधले. यंत्रणेतील उणिवांचा वाटा दुर्लक्षित करता येणार नाही, असेही त्यात नमूद झाले. मनुष्यबळ विभागातील नेमणुकांचा तक्ता आणि पावसातील धावपट्टीवर घेतलेला निर्णय यांचा संबंध वरकरणी जाणवत नाही. तपासाचे काम तो जोडून दाखविण्याचे असते.

मंगळूरचा अहवाल उपलब्ध असताना कोळिकोड घडले, ही बाब चिंतनीय आहे. अहवाल लिहिणे व धडा घेणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत.

चौकशी कशासाठी?

१९४४ च्या शिकागो करारास जोडलेल्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात चौकशीचे एकमेव उद्दिष्ट पुढील अपघात टाळणे हे असून दोष वा उत्तरदायित्व ठरविणे हे नाही. न्यायालयीन जबाबदारी निश्चित करणारी प्रक्रिया स्वतंत्रपणे चालू शकते. परंतु तपासाचा हेतू दंड हा झाला की माहिती देणारे मौन धरतात आणि सुप्त अवस्था सुप्तच राहतात. भारतात पूर्वी हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे किंवा खास नेमलेल्या चौकशी न्यायालयाकडे असे. नियमन करणारी संस्थाच तपास करू लागली तर स्वतःच्या उणिवा शोधणे तिला अवघड जाते. हे लक्षात घेऊन २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरोची स्थापना झाली.

चौकशीतून यंत्रणा खरोखर बदलते, याचे उदाहरण १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरी दुर्घटनेनंतर दिसले. दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. नेमून दिलेली उंची एका विमानाने सोडली, ही तात्कालिक चूक होती. परंतु लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर दिल्लीला येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. पुढच्या वैमानिकाकडून तीच चूक झाली तरी ती निभावून नेणारे अडसर उभे राहिले.

याउलट प्रवृत्तीही प्रबळ आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळून विमानातील २४१ व जमिनीवरील १९ अशा २६० व्यक्तींचा मृत्यू झाला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद प्राथमिक अहवालात आली. ते कसे व का गेले, याविषयी त्या अहवालाने निष्कर्ष काढला नव्हता. तरीही सार्वजनिक चर्चेत 'कोणी?' हा प्रश्न 'कसे?' या प्रश्नाच्या पुढे धावला. प्राथमिक अहवाल हा पुराव्याचा पहिला लेखाजोखा असतो, निकाल नव्हे, एवढा विवेक किमान सुशिक्षित वर्गाकडून अपेक्षित आहे.

विमानापलीकडे :

हे विवेचन विमानापुरते मर्यादित नाही. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठी, अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीपासून धडगाव तालुक्यापर्यंतच्या सरदार सरोवरालगतच्या गावांत, बोट हे दळणवळणाचे महत्त्वाचे साधन आहे. १५ जानेवारी २०१९ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत बोट उलटून बालकांचा बळी गेला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे असल्याचे तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले. येथेही चर्चा नावाड्यापाशी थांबू शकते. औरंगाबादच्या अनुभवाने विचार केला तर आणखी प्रश्न उभे राहतात. बोटीची क्षमता कोणी ठरवावयाची? सणाच्या गर्दीत किनाऱ्यावर ती मोजणार कोण? जीवरक्षक जाकिटे पुरविण्याची व ती वापरली जातात हे पाहण्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची? या प्रश्नांची उत्तरे नावाड्याच्या शिक्षेतून मिळत नाहीत.

निष्कर्ष :

१. विमान अपघात क्वचितच एका कारणाने घडतो. व्यक्तीची सक्रिय चूक आणि संस्थेची सुप्त उणीव एकत्र आल्यावरच तो घडतो, हे औरंगाबाद दुर्घटनेवरून स्पष्ट होते.

२. अपघात न झालेली वर्षे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. थोडक्यात टळलेल्या घटनांची निर्भय नोंद व अभ्यास हाच धोका ओळखण्याचा विश्वसनीय मार्ग होय.

३. कनिष्ठाने सावध करणे पुरेसे नाही. त्याच्या शब्दाला कृतीचा अधिकार संस्थेने निःसंदिग्धपणे दिला पाहिजे.

४. संस्थात्मक उणिवा मान्य केल्याने व्यक्तीची जबाबदारी संपत नाही. वैमानिकाने नाक वेळेवर उचललेच पाहिजे. परंतु माणसाकडून चूक होईल हे गृहीत धरून रस्ता बंद ठेवणे हे संस्थेचे काम आहे.

५. चौकशी अहवालातील शिफारशींची अंमलबजावणी कोणी, केव्हा व कितपत केली, याचा पाठपुरावा सार्वजनिक व्हावयास हवा.

महाविद्यालयीन अध्यापनात, विशेषतः मानसशास्त्र, समाजशास्त्र, व्यवस्थापन व भौतिकशास्त्र या विषयांत, असे चौकशी अहवाल आंतरविद्याशाखीय अभ्याससाहित्य म्हणून वापरता येतील. उष्ण हवेतील उड्डाणाचे गणित, ज्येष्ठासमोरील मौन आणि रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन हे तीन विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात. चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या टोकाशी ते एकत्र आले होते.